सोजरबाईचं दारावर जाणं

धूलकोटात कोणाच्या घरी माणूस गेलं, की रडण्याचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत सोजरबाई त्या दारात हजर असायची. हे सांगताना मी थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. तीस-पस्तीस वर्षांत तिने गावातलं एकही दार चुकवलं नव्हतं. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं, त्यांच्याही दारावर ती बसून आली होती.

दारावर बसायला जाणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. आपण गेलो की घरातलं कोणी ‘या’ म्हणत नाही, आणि त्याचा राग धरायचा नसतो. आपणही ‘कशा आहात’ असं विचारायचं नसतं. गुपचूप जाऊन सतरंजीवर टेकायचं. चूल पेटलेली नसते, म्हणून भाकरी-पिठलं आपणच फडक्यात बांधून न्यायचं आणि दोन घास बळेच खाऊ घालायचे. आणि निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. अशा कामासाठी त्या घरी पुन्हा यावं असं कोणाला वाटतं? मुकाट्याने उठायचं आणि चपला घालायच्या. सोजरबाईला हे सगळं इतकं पाठ होतं की नवीन सुना तिच्याकडे बघून शिकायच्या.

तिची समजूत घालायची तऱ्हाही ठरलेली होती. आधी म्हणायचं, देवाची मर्जी. मग म्हणायचं, आता रडू नको, तुझ्या मागे लेकरं आहेत. आणि तरी रडणं थांबलं नाही, तर त्या बाईपेक्षा मोठं दुःख ज्या बाईला झालं असेल तिची गोष्ट सांगायची. सोजरबाईकडे अशा गोष्टींचा भरपूर साठा होता.

दोन वर्षांपूर्वी तिचाच धाकटा मुलगा गेला. पंडित, बावीस वर्षांचा. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीचा शॉक लागला. सगळा गाव तिच्या दारावर आला, आणि तिसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं, तर आलेल्या बायकांची समजूत सोजरबाईच घालत होती. लोक घरी जाऊन म्हणाले, काळीज घट्ट आहे बाईचं. सोजरबाईलाही तसंच वाटलं. एवढ्या जणांनी म्हटल्यावर माणसाला वाटतंच.

मग या वर्षी काहीतरी बिनसलं. आधी मोटरचा आवाज सहन होईना. शेजारच्या शेतात मोटर सुरू झाली की ती हातातलं काम टाकून घरात जायची. मग जेवण उतरेना. पुढे दारावर बसायला जाताना पाय जड व्हायला लागले. दोन घरं तिने तापाचं निमित्त सांगून चुकवली. आणि मग मालूबाईचा नवरा गेला.

मालूबाई म्हणजे कोण ते सांगायला हवं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन एकाच गल्लीत आल्या. कपाशी वेचायला चाळीस वर्षं शेजारच्या ओळीत चालल्या. पंडित गेला तेव्हा मालूबाई तेरा दिवस सोजरबाईच्या घरातून हलली नव्हती. त्या मालूबाईचा भाईदास गेला, आणि सोजरबाई गल्लीतल्या निंबाच्या झाडापर्यंत गेली. तिथे हात गार पडले, छाती आवळली, डोळ्यांपुढे अंधारी आली. ती मागे फिरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

गावात कुजबुज सुरू झाली. त्याचं सोजरबाईला काही नव्हतं. मालूबाईने साधा निरोपही धाडला नाही, हे मात्र तिला आत लागलं होतं. कारण तेरावं झालं की संपलं. तेराव्याच्या आत जो दारावर आला नाही, त्याने पुढे कधी त्या घरात पाऊल टाकायचं नाही, अशी तिथली रीत. चाळीस वर्षांची सोबत, तिला आता तेरा दिवसांची मुदत होती.

रविवारी मोठा मुलगा प्रकाश आला. तो बुऱ्हाणपूरला शाळेत गुरुजी. दोन वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूर जिल्हा झाला आणि तेव्हापासून तिथे नवीन नवीन सोयी आल्या आहेत, असं तो प्रत्येक वेळी सांगायचा. या वेळी त्याने एक चिठ्ठी आणली होती.

“आई, आमच्या शाळेत एक मॅडम येतात, सुलभाताई म्हणून. पोरांशी बोलतात. दर गुरुवारी शनवारा वेशीजवळ घरी पण बसतात. एक बार जाऊन तर बघ.”

“डॉक्टर हायेत का त्या?”

“डॉक्टर नाहीत. गोळी नाही, इंजेक्शन नाही. मनातलं बोलायचं, बस.”

“मले काय येड लागलंय का?”

“तसं कोणी म्हटलं का? टेन्शन घेऊ नको.”

“बोलायसाठी बुऱ्हाणपूरले जाऊ? इथं काय लोकायचे कान गेले का? साऱ्या गावाची समजूत मी घालते, आन् माझी समजूत घालायले शहरातली बाई पायजे?”

प्रकाश बापाकडे बघू लागला. लोटू बैलाच्या कासऱ्याला गाठ मारत होता. संसारात बोलायची जबाबदारी बायकोची, असं त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. पण त्या दिवशी तो गाठीकडे बघतच म्हणाला, “ती झोपत नाई रे. मी जागाच असतो, पण तिले वाटते मी झोपेल हाये.” आणि बैलाकडे निघून गेला.

सोजरबाईला हे माहीत नव्हतं. तिने चिठ्ठी फाडली नाही. कमरेच्या पिशवीत ठेवली.

गुरुवारी नववा दिवस होता. तिने सकाळी सहा भाकरी थापल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधलं आणि लोटूला सांगितलं, “मालूकडे जाते.” निंबापर्यंत गेली. हात गार पडले. गाठोडं पोटाशी धरून ती मागे वळली, पण घरी कोणत्या तोंडाने जाणार? रस्त्यावर बुऱ्हाणपूरची बस उभी होती. ती बसमध्ये चढली. त्या बाईंकडे जायचं असं तिने ठरवलं होतं म्हणावं, तर तसं नाही. नुसतं घर बघून येऊ, लांबून, एवढंच तिच्या मनात होतं.

शनवाऱ्याला उतरून तिने एका रिक्षावाल्याला चिठ्ठी दाखवली. मागची दुसरी गल्ली, पिवळं दार. तिला वाटत होतं की मोठी पाटी असेल, कंपाउंडर असेल, बाकडी असतील. पाटी काही नव्हती. पाटी लावली असती तर त्या दारात कोणी पाऊल टाकलं नसतं, हे सुलभाताईंना पुरतं ठाऊक होतं. सोजरबाई समोरच्या कोपऱ्यावर उभी राहून बघू लागली.

दाराबाहेर चपलांची रांग होती. ओसरीत सतरंजी अंथरलेली. तिच्यावर पाच-सहा माणसं बसली होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एक गृहस्थ फरशीकडे बघत होता. आतून एक तरुण पोरगी ओढणीने डोळे पुसत बाहेर आली आणि चपला घालून खाली मान घालून गेली. कोणाच्या हातात चहाचा कप नव्हता. मग दारात पांढऱ्या सुती साडीतली एक बाई आली. कपाळ मोकळं. तिने एकीला हाताने आत बोलावलं.

सोजरबाईने आयुष्यात दोन-अडीचशे दारं बघितली होती. तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

“अरे देवा,” ती मनात म्हणाली, “बाईचा नवरा गेलेला दिसतो. आन् आपल्या प्रकाशले पत्ताच नाई.”

खरं सांगायचं तर तिला जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता त्या बाईंशी आज काही बोलायचा प्रश्न नव्हता. पण मयताचं दार समोर दिसत असताना तसंच पुढे जाणं तिच्याच्याने झालं नसतं. शिवाय हातात भाकरी होती. ती रस्ता ओलांडून गेली, चपला काढल्या, सतरंजीच्या कडेला टेकली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या दारात पाय अडले नाहीत. परक्याचं दार होतं. इथे तिला कोणी सोजरबाई म्हणून ओळखत नव्हतं.

कोणी ‘या’ म्हटलं नाही. बसलेल्यांनी थोडं सरकून जागा दिली आणि पुन्हा आपापल्या जागी बघायला लागले. शहरातले लोक रीतभात विसरले म्हणतात, पण इथे सगळं रीतसर चाललेलं बघून सोजरबाईला समाधान वाटलं. एकेकाला आत बोलावत होते, तेवढं मात्र नवीन होतं. खोली लहान असेल, असं तिने धरलं.

तासाभराने तिची पाळी आली. आत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. अशा घरात खुर्चीवर कोण बसतं? सोजरबाई खाली बसली. सुलभाताईंनी क्षणभर बघितलं आणि त्याही खाली येऊन समोर बसल्या. सोजरबाईने गाठोडं पुढे सरकवलं.

“दोन घास खाऊन घ्या, बाई. चूल पेटली नसीन.”

सुलभाताई गाठोड्याकडे बघत राहिल्या. त्यांच्याकडे येणारा माणूस कसा सुरुवात करेल याचा नेम नसतो, म्हणून त्या घाईने काही बोलत नसत. सोजरबाईने त्यांचा हात हातात घेतला.

“देवाची मर्जी,” ती म्हणाली. “त्याच्यापुढं कोणाचं चालतं?”

सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणी नाही. सोजरबाईला वाटलं, ही दाबून ठेवणाऱ्यातली दिसते. आता मोठ्या दुःखाची गोष्ट सांगायला हवी. साठ्यातल्या बायका डोळ्यांपुढून गेल्या, पण त्या सगळ्या धूलकोटच्या. या बाईला त्यांचं काय? मग तिच्या तोंडून निघालं, “माझा पंडित गेला, बाई. बावीस वर्साचा.”

“काय झालं होतं?” सुलभाताईंनी विचारलं.

साधा प्रश्न होता. पण हा प्रश्न तिला दोन वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. धूलकोटात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. घरात विचारायची कोणाची छाती नव्हती.

“मोटर चालू करायले गेला. शॉक लागला.”

“त्या दिवशी सकाळपासून सांगा ना. जमेल तसं.”

आणि सोजरबाई सांगायला लागली. सकाळी पंडित केसाला तेल लावून बसला होता, कोणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. लाइट तीन दिवस नव्हती, हरभरा सुकत होता. दुपारी तो जेवायला बसला. वांग्याची भाजी होती. त्याने अर्धी भाकरी खाल्ली असेल, तेवढ्यात ओट्यावरचा बल्ब लागला.

“मी म्हटलं, लाइट आली, आधी मोटर चालू करून ये, मंग जेव. तो म्हणे, जेवू तर दे, आई. मी म्हटलं, लाइटचा काय भरोसा? जाय, उठ. तो उठला. हातबी नीट पुसला नाई त्यानं. वल्ल्या हातानं गेला. आन् मी त्याचं ताट झाकून ठेवलं.”

बाहेर कोणीतरी खोकलं.

“चुलीजवळ ठेवलं, भाजी गरम राहीन म्हणून. त्याले आणलं, नेलं, सारं झालं. तिसऱ्या दिवशी मले ते ताट सापडलं. मी कोणाले दाखवलं नाई. मागच्या दारानं जाऊन शेणखताच्या खड्ड्यात पुरलं. त्याच्या बापाले मी सांगेल हाये, तो जेवून गेला व्हता म्हणून.”

मग ती रडली. किती वेळ ते तिला कळलं नाही. पदर भिजला. आणि या सगळ्या वेळात समोरची बाई ‘रडू नका’ म्हणाली नाही. ‘देवाची मर्जी’ म्हणाली नाही. दुसऱ्या कोणा बाईची गोष्टही सांगितली नाही. नुसती बसून राहिली आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. ही बाई धूलकोटात दारावर बसायला आली असती, तर बायकांनी तिला नावं ठेवली असती. पण सोजरबाईला तिथून उठावंसं वाटेना.

थोड्या वेळाने तिला भान आलं. आपण कशासाठी आलो आणि काय करून बसलो?

“माझंच रडगाणं घेऊन बसले मी. तुमच्या घरचं कोण गेलं, मालक का?”

“माझ्या घरी कोणी गेलेलं नाही, काकू,” सुलभाताई सावकाश म्हणाल्या. “माझे यजमान बँकेत आहेत. आत्ता डबा घेऊन गेले.”

“मंग ते बाहेर बसेल लोक?”

“ते माझ्याकडे बोलायला येतात. दर गुरुवारी.”

सोजरबाईने ओसरीकडे बघितलं, पांढऱ्या साडीकडे बघितलं, मोकळ्या कपाळाकडे बघितलं. सगळं एकदम उमगलं आणि तिला इतकी लाज वाटली की तिने पदर तोंडावर घेतला. मग पदराआड तिला हसू फुटलं. जित्याजागत्या माणसाच्या मयताला आपण भाकरी घेऊन आलो. सुलभाताईही हसल्या, पण हात सोडला नाही.

“हे ताटाचं याआधी कोणाला सांगितलं होतं?”

“कोणालेच नाई.”

“एका दिवसात हलकं होणार नाही. उद्या-परवा उलट जास्त जड वाटेल, तसं होतं. यावंसं वाटलं तर मी गुरुवारी असते. तुम्ही ठरवा.” मग त्यांनी गाठोडं सोडून दोन भाकरी काढून घेतल्या आणि बाकीच्या पुन्हा बांधल्या. “या मी खाईन. उरलेल्या ज्यांच्यासाठी केल्या होत्या, त्यांच्याकडे न्या.”

या कोणासाठी केल्या होत्या ते सोजरबाईने सांगितलं नव्हतं. पण एवढ्या लांबून कोणी अनोळखी घरासाठी सहा भाकरी थापून आणत नाही, हे कोणालाही कळलं असतं.

सोजरबाई उठली. सवयीने मुकाट्याने दारापर्यंत आली, चपला पायात घातल्या. दोन पावलं गेली आणि थांबली. वळून तिने आत बघितलं.

“येते,” ती म्हणाली.

अडीचशे दारांवरून ती उठली होती, पण हा शब्द तिने आजवर कुठेच उच्चारला नव्हता.

बस चार वाजता धूलकोटला पोचली. ती सरळ मालूबाईच्या घराकडे निघाली. निंबाखाली हात पुन्हा गार पडले. आज बरं वाटेल अशी तिची आशा होती, ती खोटी ठरली. पण ती मागे फिरली नाही. बुंध्यापाशी खाली बसली, गाठोडं मांडीवर ठेवलं, आणि छातीतली धडधड कमी होईपर्यंत तिथेच बसून राहिली. मग उठून आत गेली.

ओट्यावर मालूबाई एकटीच भिंतीला टेकून बसली होती. नऊ दिवसांत अर्धी झाली होती. सोजरबाई तिच्याशेजारी टेकली. देवाची मर्जी हे शब्द जिभेवर आले होते, ते तिने गिळले.

“नऊ दिवस झाले, मी निंबापोतर येते आन् वापस जाते,” ती म्हणाली.

“मले माहीत हाये,” मालूबाई म्हणाली. “खिडकीतून रोज दिसायची तू.”

“मंग हाक कायले नाई मारली?”

“आपल्या घरच्या दारावर कोणी हाक मारते का, सोजर?”

ही रीत गावातल्या सगळ्या सुनांना सोजरबाईनेच शिकवली होती. तिने गाठोडं सोडलं. ताटात भाकरी-पिठलं वाढलं.

“झाकून ठेव,” मालूबाई म्हणाली. “नणंद येणार हाये, तिच्यासंगं बसते मंग.”

“नाई,” सोजरबाईचा आवाज एवढा वर गेला की मालूबाईने चमकून बघितलं. सोजरबाईने आवाज खाली आणला. “झाकायचं नाई. आत्ता जेव. आधी जेव, मंग साऱ्या जगाचं.”

मालूबाईने घास घेतला. दुसरा घेतला. चार घास झाल्यावर तिने विचारलं, “सकाळी निंबाखालून कुठं गेली व्हती?”

“बुऱ्हाणपूरले. पुढच्या गुरुवारीबी जायचं हाये.”

“काय काम?”

“दारावर बसायले.”

“कोणाच्या?”

“पंडितच्या.”

मालूबाईचा हात ताटात थांबला. “त्याले तर दोन वर्सं झाले, सोजर.”

“हो,” सोजरबाई म्हणाली. “पण मी अजून बसेलच नाई.”

मालूबाईने हातातल्या भाकरीचे दोन तुकडे केले. एक स्वतःपुढे ठेवला, दुसऱ्यावर पिठलं घातलं आणि तो सोजरबाईच्या हातात दिला. सोजरबाईने तो खाल्ला.